सुगंधी रोपांची शरीररचना : तुलनात्मक अभ्यासाची प्रस्तावना

ओव्याचे चार दाणे तळहातावर चोळावेत आणि कुंडीतल्या पानओव्याचे एक पान चुरगाळावे. दोन्हींचा वास इतका जवळचा येतो की डोळे मिटून कोणता कशाचा हे सांगणे अवघड जाते. याला कारण आहे. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल. पानओव्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतात, आणि या दोन संयुगांचे रेणुसूत्र एकच आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने उलगडा इथे होतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न इथे सुरू होतो, कारण ओवा हा धने, जिरे, बडीशेप यांच्या चामर कुलातला आणि पानओवा तुळशीच्या कुलातला. ओव्याचे तेल फळाच्या सालीच्या आत, लांबट नलिकांमध्ये कोंडलेले असते. पानओव्याचे तेल पानाच्या बाहेर, अपित्वचेवर उभ्या असलेल्या सूक्ष्म ग्रंथिरोमांत असते. म्हणून ओव्याचा दाणा फुटल्याखेरीज त्याचा वास नीट सुटत नाही आणि पानओव्याला बोट लागले तरी हाताला वास राहतो.

सुगंधी वनस्पतींविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा तेलाविषयीच बोलतो: किती टक्के निघाले, त्यात कोणते घटक आहेत, बाजारात भाव काय. तेल वनस्पतीत कुठे राहते, त्यासाठीची जागा ती केव्हा आणि कशी तयार करते, हा प्रश्न मागे पडतो. या पुस्तकाचा सारा भर त्या प्रश्नावर आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: सुगंध रेणूंचा असला तरी तो टिकतो रचनेमुळे, आणि ती रचना सर्वांत स्वच्छ दिसते रोपाच्या वयात. तीही एकच रोप पाहून कळत नाही. दोन कुलांची रोपे शेजारी ठेवावी लागतात.

रोपच का, हे आधी सांगायला हवे. फुलावर आलेल्या तुळशीच्या खोडाचा छेद घेतला तर त्यात लाकूड भरलेले असते. द्वितीयक वाढीमुळे मूळच्या वाहक वृंदांची मांडणी झाकली जाते, भेंडाजवळ सरकलेले पहिले प्रकाष्ठ शोधावे लागते, बाहेरची मध्यत्वचा ताणली गेलेली असते. मुळाची अवस्था तर त्याहून बिकट. जुन्या मुळात मध्यत्वचा पुष्कळदा गळूनच गेलेली असते. बोटभर रोपात हे काहीच घडलेले नसते. मुळाच्या टोकापासून पहिल्या पानापर्यंत सगळा देह काही सेंटिमीटरांचा असतो, ऊतके पहिल्याच घडणीची असतात, आणि एका बैठकीत एकाच रोपाचे क्रमाने छेद घेऊन मुळाचे खोड कसे होते ते पाहता येते. प्रौढ वनस्पतीत तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागणारी हकिगत इथे सलग वाचता येते.

या पुस्तकात रोप म्हणजे आदिमूळ बीजावरणाबाहेर आल्यापासून तिसरे पान किंवा पानांची तिसरी जोडी उलगडेपर्यंतची अवस्था. तिचे भाग चार: खाली मूळ, त्यावर दलिकांपर्यंतचा दांडा, म्हणजे अधराक्ष, मग दोन दलिका, म्हणजे बीतच तयार असलेली पहिली पाने, आणि त्यांच्या मध्ये असलेला कोंब, ज्यातून खरी पाने आणि खोड येते. सुगंधी वनस्पतींच्या ज्या जाती इथे निवडल्या आहेत त्या बहुतेक आपल्या परसातल्या, शेतातल्या आणि देवघरातल्या आहेत: तुलसी कुलातून तुळस, सब्जा आणि मरवा, चामर कुलातून कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा आणि जिरे, आणि सूर्यकमल कुलातून चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा. तीन कुले, तेल साठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती. पुदिना, गवती चहा, वाळा ही नावे यादीत नाहीत, कारण ती आपण बियांवरून लावत नाही. पुदिन्याच्या धावत्या खोडांचे तुकडे लावतात, गवती चहा आणि वाळा यांचे ठोंब. पेपरमिंट तर वंध्य संकर आहे. ठोंबातून किंवा तुकड्यातून येणाऱ्या फुटव्याला दलिका नसतात, अधराक्ष नसतो. त्याची रचना प्रौढ खोडाचीच पुढची पायरी असते. तुलनेत गरज पडेल तिथे त्यांचा दाखला दिला आहे, एवढेच.

रोपांच्या अभ्यासाला मोठी परंपरा आहे आणि तिचे ऋण मान्य करणे आवश्यक आहे. इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी यांचा वनस्पतींच्या शरीररचनेवरचा ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने 1675 आणि 1679 मध्ये दोन भागांत छापला. बी रुजताना रोज काय बदलते याची चित्रे त्यात आहेत. त्याच काळात इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू बियांचे आणि मुळांचे छेद घेत होते. त्यांचा मोठा ग्रंथ 1682 मध्ये आला. पुढे 1892 मध्ये जॉन लबक यांनी रोपांवर दोन खंड प्रसिद्ध केले. लबक यांचा प्रश्न साधा वाटतो पण फार खोल आहे: दलिकांचे आकार इतके वेगवेगळे का? उत्तरासाठी ते बीकडे वळले. गर्भ बीमध्ये कसा घडी घालून बसला आहे, त्याला जागा किती आहे, शेजारी पुष्क, म्हणजे गर्भाबाहेरचा अन्नसाठा, किती आहे, यावर दलिकेचा आकार पुष्कळ अंशी ठरतो असे त्यांनी दाखवले.

फ्रान्समध्ये फिलिप व्हान टीगेम यांनी 1870 नंतरच्या दशकांत मुळांची अंतर्रचना, मुळाचे खोड होताना होणारे बदल आणि वनस्पतींमधल्या स्रावनलिका यांवर जे काम केले त्यावर आजही आपण उभे आहोत. आणि या सर्वांत मला विशेष जवळच्या वाटतात त्या एथेल सार्जंट. इंग्लंडमधल्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या जॉड्रेल प्रयोगशाळेत शिकून त्यांनी पुढे घरीच प्रयोगशाळा थाटली, एकदलिकित रोपांचे अक्षरशः मालिकेने छेद घेतले आणि 1903 मध्ये त्यांच्या वाहक ऊतकांच्या मांडणीवरून एकदलिकितांच्या उगमाचा सिद्धांत मांडला. दोन दलिका जुळून एक झाली, हा त्यांचा निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला. पण रोपाच्या आतली मांडणी वंशाचा इतिहास सांगू शकते, ही त्यांची दृष्टी मागे पडली नाही. आपल्या विषयाशी त्यांचा एक धागा थेट जुळतो. शहाजिरे ज्या बुनियम प्रजातीत मोडते तिच्यातल्या काही जातींच्या रोपांना एकच दलिका असते, कुल मात्र पक्के द्विदलिकित. एक दलिका दिसली की एकदलिकित, असे मानणाऱ्याला हे रोप थांबवते आणि आत बघायला लावते.

आता बीपासून सुरुवात करू. सब्जा आणि धने एकाच दिवशी वाफ्यात टाकले तर उबदार दिवसांत सब्जा तीन-चार दिवसांत वर येतो, धन्यांना आठ-दहा दिवस तरी लागतात. शेतकरी ही गोष्ट अनुभवाने जाणतो. शरीररचना तिचे कारण दाखवते. सब्जाचा दाणा म्हणजे चार भागांत फुटणाऱ्या फळाचा एक भाग. पाण्यात पडताच त्याच्या सालीतल्या पेशी फुगतात आणि काही मिनिटांत त्याभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण तयार होते. फालुद्यात आपण तेच पाहतो. आत गर्भ जवळजवळ पूर्ण जागा व्यापून असतो, पुष्क नाममात्र. दलिका रुंद, तयार, अन्नाने भरलेल्या. पाणी मिळाले की उलगडणे एवढेच काम उरलेले असते. चामर कुलात उलट स्थिती असते. बीचा बहुतेक भाग कठीण पुष्काने भरलेला असतो आणि गर्भ एका टोकाला, आखूड आणि बारीक. या कुलातल्या अनेक जातींत आदिमूळ बाहेर पडण्याआधी गर्भाला बीच्या आतच पुष्क पचवत वाढावे लागते. बाहेरून शांत दिसणाऱ्या त्या आठ-दहा दिवसांत आत हे चाललेले असते.

धने पेरण्याआधी ते रगडून दुभंगून घेण्याची रीत आहे. तिचाही आधार रचनेतच आहे. ज्याला आपण एक धना म्हणतो ते दोन अर्धफळांचे जोडफळ असते आणि प्रत्येक अर्ध्यात एक बी. शेपू, जिरे, बडीशेप यांत पिकल्यावर अर्धफळे सहज सुटतात. धन्यात ती एकमेकांना धरून राहतात. त्या अर्धफळाचा आडवा छेद घेतला की तेलाची पहिली ओळख होते. ओवा, शेपू, बडीशेप यांच्या अर्धफळात साधारणपणे सहा तैलनलिका दिसतात: पाठीकडच्या बाजूला चार आणि दोन अर्धी जिथे जुळतात त्या सपाट बाजूला दोन. धना वेगळा आहे. कोवळ्या हिरव्या धन्यात कडेने बारीक नलिका असतात आणि त्यांतले तेल अल्डिहाइडांचे, काहींना ढेकणासारखे वाटणारे, उग्र. फळ पिकत जाते तशा त्या चेपून नाहीशा होतात आणि प्रत्येक अर्ध्यात सपाट बाजूच्या दोन मोठ्या नलिका तेवढ्या उरतात. त्यांत लिनालूल असते. हिरव्या धन्याचा वास आणि वाळलेल्या धन्याचा वास इतका भिन्न का, याचे उत्तर कोणत्या नलिका शिल्लक राहिल्या यात आहे.

रोप वर आल्यावर पहिली ओळख दलिकांवरून. सब्जा आणि तुळस यांच्या दलिका आखूड, रुंद, अर्धवर्तुळाकार, बुडाशी किंचित आत वळलेल्या. चामर कुलातल्या लांबट आणि अरुंद: कोथिंबिरीच्या जिभेसारख्या, शेपू आणि बडीशेपेच्या पट्टीसारख्या, जिऱ्याच्या तर दोऱ्यासारख्या बारीक. त्यांचे देठ तळाशी एकमेकांना किंचित जुळलेले असतात. दोन कुलांत गोंधळ होण्याचे कारणच नाही. खरी अडचण कुलाच्या आत येते. शेपू, बडीशेप आणि ओवा यांची दलिकांपुरती वाढलेली रोपे पाहून रोपवाटिकेतला जाणता माणूसही घटकाभर थांबतो. पहिले खरे पान आले की कोथिंबीर लगेच वेगळी होते, कारण तिचे पान पंख्यासारखे पसरट आणि उथळ खाचांचे असते. बाकीच्यांची पहिल्यापासून बारीक चिरलेली. त्यापुढचा फरक भिंगाखालीच सापडतो, आणि या पुस्तकातल्या तुलनात्मक तक्त्यांचा मोठा भाग नेमक्या या कुलांतर्गत फरकांना दिला आहे.

पान उलगडण्याची रीतही दोन कुलांत निराळी. तुलसी कुलात पाने समोरासमोर येतात, प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात, आणि दोन जोड्यांमधले कांडे लगेच लांब होते. चामर कुलात पाने एकाआड एक, रुंद आवरक तळाची, आणि सुरुवातीला कांडे वाढतच नाही; रोप जमिनीलगत झुपक्यासारखे बसते. तुळशीच्या रोपाचा अधराक्ष छेदात गोल दिसतो. त्याच रोपाचे दलिकांच्या वरचे पहिले कांडे मात्र चौकोनी. चार कोपऱ्यांत स्थूलकोन ऊतकाचे चार पट्टे आणि त्यांच्या आतल्या अंगाला चार मोठे वाहक वृंद. तुलसी कुलाची खूण म्हणून शाळेत शिकवला जाणारा चौकोनी दांडा बीसोबत आलेला नसतो; तो दलिकांच्या वर, कोंब वाढू लागल्यावर घडतो. दलिकेच्या बोटभर खाली आणि बोटभर वर असे दोन छेद एकाच काचपट्टीवर ठेवले तर हे कोणालाही पाहता येईल.

मूळ आणि खोड यांची गाठ अधराक्षात पडते, आणि रोपांच्या शरीररचनेतला सर्वांत देखणा भाग हाच. मुळात प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ वेगवेगळ्या त्रिज्यांवर, एकाआड एक असतात, आणि आधी तयार झालेले प्रकाष्ठ बाहेरच्या बाजूला असते. खोडात दोन्ही एकाच त्रिज्येवर, प्रकाष्ठ आत आणि परिकाष्ठ बाहेर, आणि आधीचे प्रकाष्ठ आतल्या टोकाला. म्हणजे काही मिलिमीटरांच्या अंतरात सारी मांडणी फिरते. छेदांची मालिका खालून वर पाहत गेले की प्रकाष्ठाचे किरण दुभंगताना, बाजूला सरकताना आणि परिकाष्ठाशी जुळून दलिकांकडे वळताना दिसतात. अगदी कोवळ्या रोपात मुळातली वाहक ऊतके दलिकांशी जोडलेली असतात; कोंबाकडून येणारे वृंद मागाहून मिळतात. हा बदल किती उंचीवर सुरू होतो, किती अंतरात पुरा होतो, अधराक्षात की दलिकेच्या देठात, या गोष्टी जातीनुसार बदलतात आणि तुलनेला उपयोगी पडतात.

आता तेलाच्या जागा. थायमॉल, कार्व्हाक्रॉल, युजेनॉल ही संयुगे जंतूंना मारक आहेत, कारण ती पेशींची पटले बिघडवतात. ती वनस्पतीच्या स्वतःच्या पेशींनाही तितकीच घातक. म्हणून जी वनस्पती असे तेल करते तिला ते जिवंत पेशीद्रव्यापासून वेगळे ठेवण्याची सोय करावी लागते. ही सोय तुलसी कुलाने बाहेर केली. कोवळ्या पानाच्या अपित्वचेतली एक पेशी वर उचलली जाते, आडवी विभागते, आणि तिच्यापासून तळपेशी, देठपेशी आणि शीर्षपेशी अशी रचना होते. शीर्षपेशी पुन्हा उभ्या विभागतात. सब्जाच्या मोठ्या ग्रंथिरोमांच्या डोक्यात चार स्रावी पेशी असतात, पुदिन्याच्या वर्गात बहुधा आठ. तेल या पेशींतून बाहेर येते आणि वरच्या उपत्वचेखाली साठते; उपत्वचा फोडासारखी फुगते. देठपेशीच्या बाजूच्या भिंतींवर जलरोधक थर बसतो, त्यामुळे तेल मागे पानात झिरपत नाही. पेपरमिंटमध्ये एक ग्रंथी भरण्याचे काम सुमारे 20 ते 30 तासांत उरकते. याखेरीज एक-दोन पेशींच्या डोक्याचे लहान ग्रंथिरोमही असतात. सब्जाची दलिका अजून हिरवीकच्ची असताना चुरगाळली तरी वास येतो. तेलाची सोय रोप पहिल्या खऱ्या पानाची वाट न पाहता करते.

चामर कुलाने सोय आत केली. मध्यत्वचेत काही पेशी एकमेकींपासून अलग होतात, मध्ये पोकळी पडते, आणि तिच्याभोवतीच्या पेशी अस्तरासारख्या राहून त्या पोकळीत तेल सोडतात. या नलिका मूळ, अधराक्ष, देठ आणि पान यांतून धावतात. खोडात आणि देठात त्या वाहक वृंद आणि स्थूलकोन ऊतक यांच्या आसपास सापडतात. मुळात त्यांची जागा विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे: परिरंभात, प्रकाष्ठाच्या किरणाच्या नेमक्या समोर.

या एका जागेचे परिणाम फार दूरवर जातात. बहुतेक वनस्पतींत उपमुळे परिरंभातून, प्रकाष्ठाच्या किरणासमोरच फुटतात. चामर कुलात ती जागा तैलनलिकांनी अडवलेली. म्हणून उपमूळ किरणाच्या समोर न फुटता त्याच्या दोन्ही अंगांना फुटते आणि दोन किरण असलेल्या मुळावर उपमुळांच्या चार ओळी होतात. हे पडताळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. गाजर चामर कुलातलेच. बाजारातून आणलेल्या गाजरावर बारीक मुळ्यांच्या खुणा पाहा. त्या चार उभ्या ओळींत असतात. मुळा मोहरीच्या कुलातला, त्याच्या मुळातही किरण दोनच, पण परिरंभात तैलनलिका नाहीत; त्याच्या मुळ्या दोन ओळींत. व्हान टीगेम यांनी लक्षात आणून दिलेली ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी आधी दाखवतो, कारण आतल्या रचनेचा बाहेरच्या रूपावर हक्क कसा चालतो हे तिच्याइतके स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

दवण्याच्या कुलात दोन्ही सोयी आढळतात. सूर्यकमल कुलाच्या पुष्कळ जातींच्या मुळात स्रावनलिका असतात, पण त्या अंतस्त्वचेशी निगडित आणि परिकाष्ठासमोर. चामर कुलातल्या जागेपासून वेगळ्या. शिवाय पानांवर ग्रंथिरोम असतात, मात्र तुळशीच्या ग्रंथिरोमांसारखे नव्हेत. आर्टेमिसिया या दवण्याच्या प्रजातीत त्यांची घडण दोन ओळींची, बहुधा दहा पेशींची. याच प्रजातीतल्या आर्टेमिसिया ॲन्युआ या जातीपासून हिवतापावरचे आर्टेमिसिनीन मिळते, ज्याच्या शोधासाठी तू योयो यांना 2015 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते औषध साठते ग्रंथिरोमाच्या उपत्वचेखालच्या त्याच जागेत. ज्या वाणाला ग्रंथिरोम नाहीत त्याच्यात ते आढळले नाही. रचना नसेल तर पदार्थही नाही, इतका हा संबंध घट्ट आहे.

दलिकांवरची पर्णरंध्रेही बोलकी असतात. तुलसी कुलात प्रत्येक रंध्राला दोन साहाय्यक पेशी असतात आणि त्यांची जोडरेषा रंध्राला आडवी जाते. औषधी चूर्णांची पारख करणारे तज्ज्ञ तुळशीच्या पानाचा चुरा याच खुणेवरून ताडतात. चूर्णात वास उडालेला असू शकतो, रंग बदललेला असू शकतो. पेशींची मांडणी टिकते.

तुलना करण्याची काही शिस्त आहे आणि ती न पाळल्यास निष्कर्ष फसतात. दोन जातींची रोपे पेरणीच्या दिवसांवर नव्हे तर अवस्थेवर जुळवावीत. धना आणि सब्जा एकाच दिवशी एकाच वयाचे नसतात. छेद कोणत्या पातळीवर घेतला हे लिहिलेच पाहिजे: मुळाच्या टोकापासून किती, दलिकेच्या गाठीपासून किती. अंधारात वाढलेल्या रोपाचा अधराक्ष लांबतो, ऊतके विरळ होतात. म्हणून उजेड सारखा ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तेल पाहायचे असेल तर ताज्या रोपाचाच छेद घ्यावा. मेणात बसवून घेतलेले छेद सुंदर दिसतात, सॅफ्रॅनिनने प्रकाष्ठ लालभडक उठते, पण त्या वाटेत अल्कोहोल आणि झायलीन यांतून ऊतक जाते आणि तेल विरघळून निघून जाते. काचपट्टीवर दिसणारी पोकळी म्हणजे तेलाची रिकामी झालेली जागा. गाजराच्या किंवा पपईच्या देठाच्या चिरेत रोप धरून ब्लेडने घेतलेला ताजा, पातळ छेद, त्यावर सुदान रंगाचा थेंब, आणि नलिकेत केशरी-तांबडे थेंब दिसू लागतात. पुस्तकातल्या प्रत्येक जातीसाठी दोन्ही प्रकारची चित्रे म्हणूनच दिली आहेत.

या अभ्यासाचा व्यवहाराशी संबंध लांबचा नाही. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. सुगंधी पिकांच्या व्यापाराची मुळे इतकी जुनी आहेत. आज सब्जाची दलिकांच्या अवस्थेतली रोपे हॉटेलांच्या ताटात सजतात, पण रोपाचे तेल प्रौढ पानाच्या तेलासारखे असतेच असे नाही. इटलीच्या जिनोव्हा प्रकारच्या बेसिलमध्ये, म्हणजे सब्जाच्याच जातीच्या एका प्रकारात, 10 सेंटिमीटरपर्यंतच्या रोपांत मिथाइल-युजेनॉल मुख्य आढळले आणि त्याहून उंच झाडांत युजेनॉल. रोप कोणत्या अवस्थेत खुडले हा म्हणूनच तेलाच्या गुणाचा प्रश्न आहे. रोपवाटिकेला वाण ओळखायचा असतो, ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेला बाटलीतले रोप नीट घडले आहे की नाही हे पाहायचे असते, औषध कारखान्याला माल शुद्ध हवा असतो. यातल्या प्रत्येकाला रोपाच्या आत बघावे लागते.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग फळ आणि बी यांचा. दुसऱ्यात मूळ, तिसऱ्यात अधराक्ष आणि त्यातला बदल, चौथ्यात दलिका, पाचव्यात पहिली कांडी आणि पाने. जाती वेगवेगळ्या प्रकरणांत वाटून दिलेल्या नाहीत. प्रत्येक प्रकरणात एकच अवयव घेऊन सगळ्या जाती शेजारी मांडल्या आहेत. एका जातीची पूर्ण हकिगत हवी असेल त्याला पाने उलटावी लागतील. हा त्रास जाणूनबुजून ठेवला आहे, कारण सुटी वर्णने कितीही अचूक असली तरी त्यांतून तुलना आपोआप निघत नाही. शेवटच्या भागात स्रावी रचनांचा आढावा स्वतंत्र घेतला आहे, आणि मूळ, अधराक्ष, दलिका, पान या चारही पातळ्यांवर तिन्ही कुलांच्या सोयी एका तक्त्यात आणल्या आहेत.

विद्यार्थ्यांना एक विनंती. चित्रे आधी पाहू नयेत. घरच्या डब्यातले धने दुभंगून आणि चिमूटभर सब्जा असे दोन वाफे करावेत, दोन्ही दलिकांवर आले की अधराक्षाचा एक-एक छेद घ्यावा, आपल्याला जे दिसते ते पेन्सिलीने काढावे, आणि मगच या पुस्तकातले चित्र उघडावे. जिथे तुमचे चित्र आणि माझे चित्र जुळणार नाही तिथे आणखी तीन छेद घ्या, पातळी आणि अवस्था तपासा, आणि तरीही जुळले नाही तर स्वतःचे चित्र तारीख, वाण आणि छेदाची पातळी लिहून जपून ठेवा. या शास्त्रात माल्पिघींपासून आजवर जी भर पडली ती अशाच, काळजीपूर्वक टिपलेल्या आणि ताडून पाहिलेल्या फरकांमधून पडली आहे.